सोबतीची सवलत आणि स्वावलंबनाचा हक्क

महाड आणि पोलादपूर या दोन्ही गावांना स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेचा रोहे-वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला, तेव्हापासून या भागातील लोक गाडी पकडण्यासाठी बहुधा वीरला जातात. सामान्य माणसाला एस. टी. बदलून वीर गाठणे ही फार तर गैरसोय वाटेल. परंतु ज्या तरुणाची बौद्धिक वाढ वयाच्या मानाने मंद आहे, त्याच्यासाठी हाच प्रवास स्वावलंबनाची परीक्षा ठरतो.

पोलादपूर तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात असा तेवीस वर्षांचा मुलगा आहे. तो अडखळत वाचतो, लहानसहान हिशेबातही चुकतो. पण सांगितलेले काम नीट करतो. रोह्याला त्याच्या मामांचे किराणा दुकान आहे. सोमवारी जावे, माल बांधून द्यावा आणि शनिवारी घरी परतावे, अशी त्याची सोय होण्यासारखी होती. प्रश्न एवढाच होता की, त्याला पोहोचवणार कोण? आईने न्यायचे आणि आणायचे म्हटले, तर तिचे आठवड्याचे दोन दिवस जातात आणि शेतातील कामे अडतात. एकाच्या मिळकतीसाठी दुसऱ्याची मिळकत बुडवण्याचा हा व्यवहार कोणत्याही अर्थशास्त्रात बसणारा नाही.

शेवटी आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांनी त्याला प्रवास शिकवण्याचे मनावर घेतले. पहिले काही आठवडे ते त्याच्या शेजारी बसले, नंतर त्याच डब्याच्या दुसऱ्या टोकाला, नंतर शेजारच्या डब्यात. गोरेगाव रोड, माणगाव, इंदापूर, कोलाड आणि पाचवे रोहे, अशी स्थानके त्यांनी त्याला बोटांवर मोजायला शिकवली होती. एके दिवशी सिग्नल न मिळाल्यामुळे गाडी माणगावच्या अलीकडे थांबली. त्याने तेही एक स्थानक धरले आणि कोलाडला उतरण्यासाठी तो दारात उभा राहिला. विद्यार्थी डब्यात होता म्हणून निभावले. चूक शिकणाऱ्याची नव्हती, शिकवणाऱ्यांची होती. त्यानंतर मोजणी सोडून ‘पाटीवर रोहे दिसल्यावाचून उतरायचे नाही’ हा नियम त्यांनी ठरवला. गाडीला उशीर झाला तर काय करावे, कोणाला विचारावे, खिशातील कार्डावरचा दूरध्वनी क्रमांक कोणाला दाखवावा, हेही त्याला एकेक करून शिकवले. चार महिन्यांनी तो एकटा गेला.

हे यश ऐकून मी त्याच्या आईचे अभिनंदन केले, तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘सर, तो एकटा जातो हे कोणाला सांगू नका. उद्या दाखला काढून घेतील.’’

ही भीती अज्ञानातून आलेली नाही. तिचे मूळ नियमातच आहे. रेल्वेने २०२० साली ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली, तरी दिव्यांगांची चालू ठेवली, ही समाधानाची गोष्ट होय. दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सूट मिळते आणि सोबत्यालाही तेवढीच. परंतु अंध प्रवाशाला ही सूट एकट्याने जाताना किंवा सोबत्यासह, अशी दोन्ही प्रकारे मिळते. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रवाशाच्या बाबतीत मात्र ‘सोबत्यावाचून प्रवास करू शकत नाही’ असे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. पोलादपूरहून एस. टी. ने येताना हाच मुलगा स्वतःच्या दाखल्यावर ७५ टक्के सवलतीने एकटा येतो. वीरच्या तिकीट खिडकीशी आल्यावर मात्र त्याने आपण असमर्थ असल्याचे सिद्ध करावे, अशी अपेक्षा असते. जो शिकला तो सवलतीच्या अटीबाहेर पडला!

अनुदान कशावर दिले जाते यावरून माणसांचे वर्तन घडते, हा आमच्या विषयातील प्राथमिक सिद्धान्त आहे. येथे अनुदान परावलंबनावर दिले जात आहे. पॅसेंजरच्या भाड्यातील बचत थोडी असेल. पण ‘मुलगा असमर्थच राहिलेला बरा’ असा संदेश घराघरांत पोहोचावा, हे नुकसान थोडे नाही. यावर कोणी म्हणेल की, अट सुरक्षिततेसाठी आहे. ज्याला सोबत हवी त्याची सवलत कोणीच काढून घेऊ नये. परंतु सुरक्षितता शिकवण्याने येते, अटीने येत नाही. ब्रिटनमध्ये अपंगांच्या रेल्वे कार्डावर धारकाला आणि सोबतच्या एका प्रौढास एक तृतीयांश सूट मिळते. धारक एकटा गेला तरी ती कायम राहते. मग आपल्याकडे हे का होऊ नये?

दुसरी उणीव शिक्षणाची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत दिला आहे. म्हणजे बाहेरच्या जगात वावरण्याचे वय येते, नेमकी तेव्हाच शाळा सुटते. ही पोकळी भरण्यास मोठा निधी लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेतील प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास सेवा करावयाची असते. त्यातील काही तास एका तरुणाला एक मार्ग शिकवण्यात घालवले, तर ती सेवा कागदोपत्री उरणार नाही. प्राध्यापकांनी हे मनावर घ्यावे, आणि स्थानकांवरील कर्मचाऱ्यांनी अशा प्रवाशाशी दोन शब्द सावकाश बोलावे.

महाडच्या माणसाला अधिकार आणि त्याचा प्रत्यक्ष वापर यांतील अंतर कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला, १९२४ साली नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले, तरी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यापर्यंत चालत गेले तो दिवस २० मार्च १९२७ चा होता. तो अन्याय निराळा आणि फार मोठा होता. त्याची बरोबरी येथे करावयाची नाही. पण सार्वजनिक जागा कागदावर खुली असून भागत नाही, हा त्या दिवसाचा धडा येथेही लागू पडतो.

रेल्वे मंडळाने या सवलतीतील ‘सोबत्यावाचून’ ही अट काढावी आणि सूट प्रवाशाच्या नावे द्यावी, सोबत्याची सूट गरजेप्रमाणे वेगळी ठेवावी. तोपर्यंत तो मुलगा दर सोमवारी पूर्ण भाड्याचे तिकीट काढून रोह्याला जाईल, आणि त्याची आई ही गोष्ट शेजाऱ्यांपासून लपवीत राहील. तिला ती अभिमानाने सांगता यावी, एवढेच मागणे आहे.