एका धारेचं ब्लेड: निवड कुणाची, जखम कुणाची?

ब्लेड कोणतं घ्यावं, हा काय आपल्या त्रैमासिकाचा विषय आहे? असं काही मैत्रिणींना नक्की वाटेल. हिंसा, वेतन, रेशन, जमिनीचा हक्क असे एवढे प्रश्न समोर असताना काखेतल्या केसांवर पानं कशाला घालवायची? पण मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते, तिथल्या तरुण मुलींच्या गटात हा प्रश्न वारंवार येतो. दुकानात, मॉलमध्ये, कॉल सेंटरवर नोकरी करणाऱ्या या मुली. "ताई, ते गुलाबी दांड्याचं महाग पडतं, भावाचं वापरलं तर पुरळ येतं, मग घ्यायचं काय?" असं त्या सरळ विचारतात. त्यांना उत्तर देताना आपल्याकडे बहुधा दोनच सूर लागतात. एक सूर म्हणतो, "मुळात काढताच कशाला? ही सगळी बाजाराची गुलामी." दुसरा म्हणतो, "तिचं शरीर, तिची मर्जी. आपण बोलणारे कोण?" दोन्ही सुरांत तथ्य आहे. पण दोन्ही त्या मुलीच्या कातडीपाशी येऊन थांबतात. ब्लेड मात्र तिथे थांबत नाही. ते कारखान्यातून येतं आणि वापरून झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातं. हा दुसरा हात बहुतेक वेळा बाईचाच असतो.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. केस काढायचे की ठेवायचे, हे जिचं तिने ठरवावं. काढायचे ठरवलं, तर एका धारेचं, धातूचं, बदलता येणारं ब्लेड ही बहुतेकींसाठी शहाणपणाची निवड आहे. आणि ते ब्लेड कचऱ्यातून कुणाच्या हाताला लागणार नाही इथपर्यंतची जबाबदारी या निवडीचाच भाग आहे.

गरज कुणी निर्माण केली?

वस्तरा आणि बाई यांचं नातं महाराष्ट्राला नवं नाही. विधवेच्या डोक्यावरून तिच्या मनाविरुद्ध वस्तरा फिरत होता, तो काळ फार दूरचा नाही. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. हत्यार ज्याच्या हातात आहे तोही नाही म्हणू शकतो, हे त्या श्रमिकांनी दाखवून दिलं.

बाईने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशाने केस काढावेत, ही मागणी मात्र बाजाराने घडवली. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये अमेरिकेत त्यांच्या दुधारी सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं. दांडा एकदा विकायचा आणि ब्लेड आयुष्यभर विकत राहायचं, असं त्या धंद्याचं गणित होतं. पुरुषांच्या दाढ्या संपल्यावर पुढचं गिऱ्हाईक कोण? १९१५ मध्ये या कंपनीने 'मिलेडी डेकोलते' नावाचा खास बायकांसाठीचा रेझर आणला. त्याच वर्षी 'हार्पर्स बझार' या मासिकात बिनबाह्यांचा पोशाख घातलेली, हात वर केलेली बाई दाखवून काखेतले केस काढण्याच्या पावडरीची जाहिरात आली. कालपर्यंत ज्या केसांबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं, त्यांची लाज अशी विकत आणून दिली गेली.

त्यानंतर पात्यांची शर्यत लागली. १९७१ मध्ये एका दांड्यात दोन पाती आली, १९९८ मध्ये तीन झाली, २००६ मध्ये पाच. प्रत्येक वेळी किंमत चढली आणि प्लॅस्टिक वाढलं. बायकांसाठीच्या वस्तूला रंग बदलून वेगळा भाव लावला गेला, ते वेगळंच. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ मध्ये पुरुषांच्या आणि बायकांच्या सारख्याच वस्तूंच्या किमती ताडून पाहिल्या. बायकांच्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग निघाल्या. अंगाच्या निगेच्या वस्तूंमध्ये हा फरक १३ टक्के होता. न्यूयॉर्क राज्याने २०२० मध्ये अशा भेदावर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे मात्र गुलाबी रंगाचे पैसे मुकाट्याने मोजले जातात.

एका धारेचं ब्लेड निवडताना

बाजाराची टीका करून त्या मुलींचा प्रश्न सुटत नाही. तेव्हा थोडं नेमकं बोलू या.

एका धारेची ब्लेडं मुख्यतः तीन प्रकारची. पहिला प्रकार अमेरिकेतल्या जुन्या 'जेम' रेझरचा. या ब्लेडच्या पाठीला धातूची दुमडलेली पट्टी असते आणि ते जाड असतं. साधं दुधारी ब्लेड सुमारे ०.१ मिलिमीटर जाड, तर हे सुमारे ०.२३ मिलिमीटर. दुसरा प्रकार जपानी, न्हाव्यांच्या वस्तऱ्यात बसणाऱ्या लांब पात्यांचा. तिसरा प्रकार आपल्या गल्लीतल्या सलूनमध्ये रोज दिसतो: दुधारी ब्लेड मधोमध मोडून केलेलं अर्धं ब्लेड. एड्सच्या धास्तीनंतर गिऱ्हाईकागणिक नवं अर्धं ब्लेड लावायची पद्धत आपल्याकडे रुजली. हे अर्धं ब्लेड बसेल असे एका धारेचे रेझरही आता मिळतात.

पहिला नियम साधा आहे. आधी आपला रेझर पाहा, मग ब्लेड घ्या. एका प्रकारचं ब्लेड दुसऱ्यात नीट बसत नाही, आणि ढिलं बसलेलं ब्लेड हमखास कापतं. उघडा वस्तरा शिकलेल्या हाताचं काम आहे. घरी वापरायला संरक्षक पट्टी असलेला सेफ्टी रेझरच हवा.

दुसरा नियम: हार्डवेअरच्या दुकानातलं एका धारेचं ब्लेड अंगाला लावू नका. रंग किंवा काच खरवडायचं ब्लेड दिसायला अगदी 'जेम'सारखं असतं, स्वस्तही असतं. पण त्याची धार कातडीसाठी घासलेली नसते. पाकिटावर दाढीसाठी असल्याचं लिहिलेलं हवं.

तिसरा नियम धातूचा. साधं कार्बन पोलाद ओल्या हवेत लवकर गंजतं. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात, ते चार दिवस टिकायचं नाही. स्टेनलेस स्टीलचं, धारेवर टेफ्लॉनसारखा लेप असलेलं ब्लेड घ्यावं. ते कातडीवरून सरकतं, ओढत नाही. वापरून झाल्यावर पाण्याखाली धरा, झटका आणि कोरड्या जागी ठेवा. धार फडक्याने पुसू नका. धारही जाते आणि बोटही कापतं.

चौथी गोष्ट, "सगळ्यात धारदार तेच सगळ्यात चांगलं" हा समज सोडा. नवख्या हाताला आणि नाजूक त्वचेला मध्यम धारेचं ब्लेड सोयीचं पडतं. वेगवेगळ्या ब्रँडची छोटी पाकिटं घेऊन पाहावीत, दोघी-तिघींनी मिळून घेतली तर खर्च वाटला जातो. पाकीट वाटून घ्या, ब्लेड मात्र कधीही नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकून राहू शकतो. हॉस्टेलच्या खोलीत एक रेझर चौघींत फिरतो, ती मैत्री नव्हे, धोका आहे. साधारण ५ ते ७ वापरांनंतर, किंवा ओढायला लागलं की त्याआधीच, ब्लेड बदलावं.

पुरळाचं काय? अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढून धरतं आणि मागचं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. कुरळ्या, जाड केसांचं टोक मग आतच वळतं आणि फोड येतात. अशा त्वचेला त्वचारोगतज्ज्ञ कमी पात्यांचा रेझर सुचवतात. म्हणजे ज्या पाच पात्यांसाठी जास्त पैसे मोजायचे, तीच काहींच्या त्रासाचं मूळ असतात. एका धारेच्या ब्लेडवर जोर मात्र देऊ नये. कातडी भिजवून, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवावं. अर्धं ब्लेड करायचं तर कागदी वेष्टनात असतानाच लांबीत वाकवून मोडावं. दोन वापरण्याजोगी ब्लेडं काही रुपयांत पडतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. परदेशी धातूचे रेझर हजारोंच्या घरात जातात आणि "प्लॅस्टिकमुक्त" म्हणून तेही बाईच्याच अपराधी भावनेवर विकले जातात. हा आक्षेप मला मान्य आहे. पृथ्वी वाचवायचा ठेका बाईच्या काखेने घेतलेला नाही. जिचा हात थरथरतो, जिला नीट दिसत नाही, तिला कार्ट्रिजच सुरक्षित वाटत असेल तर तिने तेच वापरावं. आपल्या बैठकीत कुणीही तिला हिणवू नये. आणि न काढलेल्या केसांइतका स्वस्त पर्याय दुसरा नाही, हेही मुलींना मोकळेपणाने सांगायला हवं.

जिथे निवडच नसते

निवडीच्या गप्पा मारताना एक जागा विसरून चालणार नाही. ती म्हणजे प्रसूतीगृह. कळा सोसणाऱ्या बाईचे केस न विचारता, घाईघाईने भादरले गेल्याचं आमच्या गटातल्या अनेकजणी सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच ही सरसकट पद्धत हानिकारक किंवा निरुपयोगी ठरवून बंद करायला सांगितली होती. २०१८ च्या शिफारशींतही योनीमार्गे होणाऱ्या प्रसूतीआधी सरसकट केस काढू नयेत, असं म्हटलं आहे. तरी "रीत आहे" म्हणून ब्लेड फिरतंच.

याच ब्लेडची दुसरी बाजूही सांगायला हवी. घरच्या बाळंतपणात विळ्याने किंवा जुन्या पात्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने किती बाळं गेली! स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नाळेला बांधायचा स्वच्छ दोरा, नाळेवर काही न लावणं आणि एक नवं कोरं ब्लेड, हे पाच नियम सुईणींनी गावोगाव पोचवले. लसीकरण, रुग्णालयातली बाळंतपणं आणि ही स्वच्छता यांतून २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं प्रमाणित झालं. म्हणजे प्रश्न पोलादाच्या तुकड्याचा नाही. तो कुणाच्या हातात आहे, कुणाच्या संमतीने चालतो, याचा आहे.

भिंतीतली फट

अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटाला मागे एक बारीक फट असे. वापरलेलं ब्लेड त्या फटीत टाकायचं, ते भिंतीच्या पोकळीत पडायचं. घर पाडेपर्यंत त्याचा विचार करायचं कारण नाही. आपल्याकडे भिंतीत अशी फट नाही. आपण ब्लेड कागदात गुंडाळून, बरेचदा तेही न करता, सुक्या कचऱ्यात टाकतो. आणि मग कुणीतरी बाई तो कचरा हाताने वेगळा करते. आपल्यासाठी ती भिंतीची पोकळी म्हणजे तिचा हात.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती या बायकांनी आपण कामगार आहोत असं ठणकावून सांगितल्यामुळे. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही साधी मागणी त्यांनी शहरापुढे ठेवली. ब्लेडसाठीही तेवढंच साधं काही करता येतं. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडा, वापरलेली ब्लेडं त्यात टाका. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करा, त्यावर मोठ्या अक्षरात 'ब्लेड' लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्या. जिला वाचता येत नाही तिला तोंडी सांगितलेलंच कळतं. एका धारेच्या ब्लेडचा इथेही फायदा आहे. ते निव्वळ पोलाद आहे, डबाभर साठलं तर भंगार म्हणून वेगळं काढता येतं. प्लॅस्टिक, रबर आणि पोलाद एकत्र जखडलेलं कार्ट्रिज कुणाच्याच कामाचं नाही.

पण सगळं ओझं पुन्हा घरातल्या बाईच्या डब्यावर टाकून आपण मोकळं व्हायचं का? मुळीच नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरगुती घातक कचऱ्यामध्ये वापरलेल्या सुया आणि सिरिंज यांचा नावानिशी उल्लेख होता, ब्लेडचा नव्हता. त्याच नियमांनी सॅनिटरी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांवर प्रत्येक पॅडसोबत विल्हेवाटीसाठी वेष्टन देण्याची जबाबदारी टाकली होती. मग ब्लेड विकणाऱ्यांना वेगळा न्याय का? पाकिटाच्या मागच्या बाजूला वापरलेली ब्लेडं सरकवायचा कप्पा काही ब्लेडच्या डब्यांना असतोच. तो सगळ्यांना सक्तीचा करा, अशी मागणी आपण का करू नये? प्रभागात धारदार कचरा वेगळा गोळा झाला पाहिजे, कचरा वेचणाऱ्या बाईला जाड हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं पाहिजे, आणि हात कापला तर त्या दिवसाची मजुरी बुडता कामा नये, याही मागण्या त्याला जोडूनच येतात.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. रेझर वापरणाऱ्या मुलींना बोलवा, न वापरणाऱ्यांनाही बोलवा. तुमच्या वस्तीतला कचरा उचलणाऱ्या ताईंना मात्र आवर्जून बोलवा, त्यांच्या वेळेनुसार बैठक ठेवा, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या. कोणतं ब्लेड घ्यावं याबद्दल आपल्या सर्वांपेक्षा त्यांचं मत जास्त अनुभवाचं आहे.