वूड स्टोव्ह, कोपरा आणि ३६ इंच

न्यू इंग्लंडमध्ये पहिलं घर घेतलं की दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत आपल्या देशी मंडळींच्या गप्पांत वूड स्टोव्ह येतोच. कारणही तसंच आहे. फर्नेस तेलावर असो की गॅसवर, तिचा पंखा किंवा पंप चालतो विजेवर. डिसेंबर २००८ च्या आइस स्टॉर्ममध्ये इथली लाखो घरं अंधारात गेली होती, काही ठिकाणी तर आठवड्याहून जास्त. बाहेर शून्याखाली तापमान, घरात पोरंबाळं आणि फर्नेस बंद! अशा वेळी लाकडावर चालणारा, विजेची वाट न बघणारा स्टोव्ह म्हणजे देवच.

इथपर्यंत सगळं ठीक. पण मग पुढची दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "कोपऱ्यात तिरका बसवू, जागा वाचेल." आणि दोन, "मॅन्युअलवाले जरा जास्तच सांगतात रे, थोडं अ‍ॅडजस्ट करू."

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्टोव्हच्या मागची रिकामी जागा हा स्टोव्हचाच एक पार्ट आहे. त्याचं दार काढून आपण तो वापरणार नाही ना? मग मागचे इंचही काढू नयेत.

आपली गोची अशी की चुलीबद्दलची आपली समज गावाकडून आलेली असते. स्वयंपाकघराचा कोपरा, भिंतीला जवळजवळ टेकलेली चूल, मागे काजळीने काळी झालेली भिंत. पिढ्यान् पिढ्या तसं चाललं, कारण ती भिंत मातीची नाहीतर दगडाची होती. तिला जळायचं ठाऊकच नव्हतं. इथली भिंत दिसते सिमेंटसारखी, पण असते अर्ध्या इंचाची जिप्समची पाटी आणि तिच्यामागे लाकडाचे उभे वासे. पाटी सहज पेट घेत नाही, पण उष्णता मात्र आत पोचवते. म्हणूनच नियमांच्या भाषेत ती अख्खी भिंत 'जळाऊ' धरली जाते. आग्नेय कोपरा निवडून वास्तुशास्त्र सांभाळलंत तरी हे काही बदलत नाही :-)

आता आकडे. अमेरिकेत यासाठी एनएफपीए २११ हे स्टँडर्ड आहे. ज्या स्टोव्हची प्रयोगशाळेत चाचणी झालेली नाही (म्हणजे सेकंडहँड घेतलेले, लेबल नसलेले जुने), त्यांच्यासाठी जळाऊ वस्तूपासून ३६ इंच अंतर. चाचणी झालेल्या स्टोव्हच्या मागे एक पत्र्याची पाटी असते. तिच्यावर मागची भिंत, बाजूची भिंत आणि कोपरा यांचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. तिथे तो आकडा म्हणजे कायदा. धुराचा पाइप एकपदरी असेल तर त्याचे स्वतःचे १८ इंच वेगळे. स्टोव्हला जागा पुरली पण पाइपला नाही, असंही होतं. मग पाइपचं ऐकायचं.

कोपऱ्यातलं माप कुठून घ्यायचं? स्टोव्हच्या मागच्या दोन टोकांपासून जवळच्या भिंतीपर्यंत, काटकोनात. पाठीच्या मध्यापासून खोलीच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावून "बघ, भरपूर जागा आहे" म्हणण्यात अर्थ नाही.

इंजिनिअर माणसं आहोत, तर गणित करूनच बघू. स्टोव्ह २४ इंच रुंद, २० इंच खोल, ४५ अंशात ठेवलेला आणि लेबल नसलेला. मागची टोकं दोन्ही भिंतींपासून ३६ इंच. म्हणजे खोलीच्या कोपऱ्यापासून स्टोव्हची पाठ साधारण ६३ इंचांवर येते (३६ गुणिले वर्गमूळ २, अधिक रुंदीचे निम्मे १२). त्यात २० इंच खोली मिळवा, दारासमोर ठिणग्यांसाठी किमान १८ इंच न जळणारी फरशी मिळवा. झाले १०१ इंच! जवळजवळ साडेआठ फूट. दिवाणखान्याचा कोपरा राहिला कुठे? हेच अंतर १२ इंचांवर आणता आलं तर बेरीज ६७ इंच होते, साडेपाच फुटांच्या आसपास. जागा वाचवायची असेल तर ती इथे वाचते, स्टोव्ह तिरका ठेवल्याने नाही.

मग १२ इंच आणायचे कसे? इथे बहुतेकांचा पहिला विचार असतो, भिंतीला सुंदर दगड किंवा टाइल चिकटवू. दिसायला झकास, पण उपयोग शून्य. टाइल थेट भिंतीला चिकटली की तापते आणि ती उष्णता मागच्या लाकडाला देऊन मोकळी होते. सवलत काहीच नाही.

स्टँडर्डमधली मला सगळ्यात आवडलेली तुलना ऐका. हवेची फट न ठेवता साडेतीन इंच जाडीची विटांची भिंत बांधली, तर अंतरात सूट फक्त ३३ टक्के. ३६ चे २४ इंच. आणि २४ गेजचा साधा पत्रा भिंतीपासून १ इंच दूर धरला, तर सूट ६६ टक्के. ३६ चे १२! एवढा पातळ पत्रा विटांना हरवतो, कारण खरं काम त्या इंचभर हवेचं आहे. खालून थंड हवा शिरते, तापून वर निघून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून पत्रा खाली आणि वर निदान इंचभर उघडा हवा. खालची फट "कचरा जातो" म्हणून बुजवली की संपलं. स्पेसर न जळणारे हवेत आणि स्टोव्हच्या बरोबर मागे नकोत, नाहीतर तोच खिळा उष्णता थेट वाशात पोचवतो. आणि अंतर मोजायचं ते मागच्या खऱ्या भिंतीपर्यंत, पत्र्यापर्यंत नव्हे. लेबलवाला स्टोव्ह असेल तर अशी सूट चालते की नाही, हे मॅन्युअलमध्ये बघूनच.

आता त्या "जरा जास्तच सांगतात" बद्दल. मान्य, आकड्यांत थोडं मार्जिन असतंच. पण ते कोणासाठी आहे? फेब्रुवारीतल्या एखाद्या रात्री कोणीतरी ओंडके ठासून भरतो, हवेची झडप उघडी राहते, स्टोव्ह लालबुंद होतो. मार्जिन त्या रात्रीचं आहे. ते आधीच सोफ्याला देऊन टाकलं तर त्या रात्री हातात काय उरतं?

आणि "चार वर्षं झाली, काही झालं नाही" हा तर सगळ्यात फसवा पुरावा. आपल्या धंद्यात चार वर्षं चाललेला कोड पाचव्या वर्षी चालेल असं मानायला थोडी तरी जागा असते, कारण कोड झिजत नाही. लाकडाचं तसं नाही. ताजं लाकूड पेटायला साधारण अडीचशे अंश सेल्सिअस तरी लागतात. तेच लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की वाळतं, आतल्या आत कोळशाकडे झुकतं आणि मग बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. भिंतीच्या आत, तुम्हाला न दिसता. म्हणजे प्रत्येक बिनघोर गेलेला हिवाळा पुढचा हिवाळा थोडा जास्त धोक्याचा करत असतो.

त्यामुळे टाउनचं परमिट काढा, इन्स्पेक्टरला बोलवा, विमा कंपनीला कळवा. थोडे पैसे आणि एक शनिवार जाईल. आणि खोलीत खरंच जागा नसेल तर छोटा किंवा कमी अंतर लागणारा स्टोव्ह घ्या, किंवा घेऊच नका. चुलीला अ‍ॅडजस्ट करायला शिकवता येत नाही. आपण मात्र सोफा दोन फूट सरकवू शकतो, नाही का?