कार्ट्रिज नाही, तर फवारा नाही

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुलं गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करतात, फर्निचरला पॉलिश मारतात, ग्रिल आणि कपाटं स्प्रेनं रंगवतात. त्यांच्या तोंडावर काय असतं? बहुतेकांच्या रुमाल. कोरोनानंतर काहींच्या एन-९५ मास्क. मास्क आहे म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण या कामात तो अर्धंच संरक्षण देतो, आणि उरलेलं अर्धं जिवावर बेतणारं आहे.

स्प्रे गनमधून दोन गोष्टी बाहेर पडतात: रंगाचे बारीक थेंब आणि थिनरची वाफ. एन-९५ बारीक कण अडवतो. म्हणून वॉर्डात टीबीच्या रुग्णाजवळ आम्ही परिचारिका तो लावतो. वाफ मात्र त्यातून आरपार जाते. मास्क लावूनही थिनरचा वास येतो, तो यामुळेच. थिनरमधली टोल्युइन, झायलीनसारखी द्रव्यं फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूपर्यंत जातात. संध्याकाळी डोकं धरतं, मळमळतं, चक्कर येते, माणूस घरात चिडचिड करतो. आपण त्याला दमणूक म्हणतो. वर्षानुवर्षं हे चाललं, तर स्मरणशक्ती आणि मज्जासंस्थाही बिघडू शकते.

वाफ अडवायला कोळशाचं कार्ट्रिज लागतं. नाक, तोंड आणि हनुवटी झाकणारा रबरी मास्क मिळतो, त्याच्या दोन्ही बाजूंना ही कार्ट्रिजं बसतात. सेफ्टीच्या दुकानात ‘ऑरगॅनिक व्हेपर’चं कार्ट्रिज मागा. युरोपीय पद्धतीच्या कार्ट्रिजवर तपकिरी पट्टा असतो, अमेरिकी पद्धतीच्या कार्ट्रिजवर काळा. त्याच्यावर थेंब अडवणारा फिल्टरही हवा. नुसती पांढरी चकती धुळीसाठी असते. ती वाफेसाठी म्हणून कुणी गळ्यात मारली तर घेऊ नका.

आता टंचाईबद्दल. १३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारनं मास्क अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत घातले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारनं एन-९५ ची किंमत १९ ते ४९ रुपयांत बांधली. अशी वेळ पुन्हा आली, तर पेंटरनं एन-९५ साठी धावू नये. वाफेपुढे तो उपयोगाचा नाही, आणि दवाखान्यात मात्र त्याच्याशिवाय चालत नाही. रबरी मास्क धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो. बदलावी लागतात ती कार्ट्रिजं आणि फिल्टर. म्हणून टंचाई नसतानाच प्रत्येकाचा स्वतःचा मास्क आणि कार्ट्रिजची एक जास्तीची जोडी घेऊन ठेवा. घेताना पाकीट सीलबंद आहे का आणि मुदतीची तारीख काय, ते पाहा. उघडं कार्ट्रिज स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

कार्ट्रिज खुंटीवर टांगून ठेवलं तर कोळसा दुकानातली वाफ शोषत राहतो आणि वाया जातो. काम संपलं की ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कार्ट्रिज धुऊ नका, उन्हात वाळवूनही ते ताजं होत नाही. मास्क लावल्यावर तळव्यांनी दोन्ही कार्ट्रिजं झाकून हळूच श्वास आत घ्या. मास्क चेहऱ्याला ओढला गेला पाहिजे. दाढी असेल तर फट राहते. मास्कच्या आत वास आला, की काम थांबवून बाहेर या आणि कार्ट्रिज बदला.

हार्डनर मिसळायच्या पीयू रंगाचा धोका वेगळा आहे. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की थोड्याशा संपर्कानंही धाप लागते. त्याचा वास येण्याआधीच इजा झालेली असू शकते, म्हणून इथे वासावर विसंबून चालत नाही. या कामाला बाहेरची स्वच्छ हवा नळीनं पुरवणारा मास्कच हवा. तो नसेल, तर हे काम घेऊच नये.

कार्ट्रिज मिळत नसेल तेव्हा काय करायचं? माझं म्हणणं सरळ आहे: गन खाली ठेवा. ब्रश किंवा रोलर घ्या, शक्य तिथे पाण्याचा रंग वापरा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. वाफ तेव्हाही असते, पण हवेत रंगाचा धुरळा उडत नाही. काम दोन दिवस लांबेल. त्या दोन दिवसांची किंमत गिऱ्हाईक आणि ठेकेदार यांनी सोसावी, मजुराच्या छातीनं नाही.

मास्क आणि कार्ट्रिज मालकानंच द्यायला हवं. गन, कॉम्प्रेसर, थिनर तो विकत घेतो, मग मजुराचा श्वास तेवढा फुकट कसा? एकेकट्या मुलानं मागितलं तर त्याला उद्यापासून येऊ नको म्हणतात. नाक्यावरच्या सगळ्या पेंटरांनी मिळून मागितलं, तर सगळ्यांना काढणं सोपं नाही.

आणि गल्लीत स्प्रे मारणाऱ्या भावांनो, मास्क तुमच्या एकट्याच्या नाकावर असतो. शेजारच्या घरातलं तान्हं बाळ, ओट्यावर बसलेली आजी तीच वाफ विनामास्क घेतात. हे काम वस्तीबाहेर, मोकळ्या जागेत न्या. तुमच्या घरात कुणी पेंटर असेल, तर आज रात्री त्याला एवढंच विचारा: तुझ्या मास्कमधून थिनरचा वास येतो का?