बिननावाच्या चित्रांचा भाषाभिमान

शिगमो संपला की दुसऱ्या दिवशी आंतरजालावर गोव्याच्या छायाचित्रांचा पूर येतो. रोमटामेळ, घोडेमोडणी, गोफ, वीरभद्र, सगळं काही. चवथीला माटोळ्या येतात, पुढे जत्रा-काल्याच्या रात्री येतात. चित्रं सुंदर असतात, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या नावांबद्दल, कारण त्यांना नावंच नसतात. 'आयएमजी ४५७२', 'डीएससी ००१९', 'फायनल', 'फायनल नवीन २'... खाली एक ओळ नाही, गावाचं नाव नाही, साल तर विचारूच नका. आणि मग हीच मंडळी चहा पिता पिता तक्रार करणार, की गूगलवर गोवा शोधला तर किनारे आणि बाटल्याच दिसतात हो, आमची संस्कृती कुठेच दिसत नाही!

दिसेल कशी? किनाऱ्यावरचा हॉटेलवाला आपल्या खोलीच्या, पोहण्याच्या तलावाच्या, अगदी नाश्त्याच्या बशीच्या चित्रालाही नीट नाव देतो. त्याला गिऱ्हाईक हवं आहे. आम्हाला वाचक हवा आहे की नको, हे एकदा ठरवायला हवं.

शोधयंत्राची गोष्ट मुळात साधी आहे. फेब्रुवारी २००० मध्ये जेनिफर लोपेझ ग्रॅमी सोहळ्यात एक हिरवा झगा घालून आली. लोक गूगलवर त्या झग्याबद्दल शब्द टंकत होते, पण त्यांना हवं होतं चित्र. त्या गर्दीतूनच पुढे जुलै २००१ मध्ये गूगलचा चित्रशोध सुरू झाला. म्हणजे शोधणारा माणूस शब्द टंकतो आणि त्या शब्दाला जुळणारा शब्द चित्राच्या आसपास असावा लागतो. तो कुठे असतो? फाइलीच्या नावात, चित्राखालच्या ओळीत, शेजारच्या परिच्छेदात, पानाच्या शीर्षकात आणि 'ऑल्ट' नावाच्या एका छोट्या जागेत. ही ऑल्टची जागा खरं तर शोधयंत्रासाठी केलेलीच नाही बरं का. ज्याला चित्र दिसत नाही त्याला ते शब्दांत सांगावं, यासाठी ती आहे. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये ती सक्तीची होती. अंध वाचकाचं पडदावाचक सॉफ्टवेअर तिथलंच वाक्य मोठ्याने वाचतं. आमच्या पानांवर ते काय वाचतं? 'आयएमजी ४५७२'!

मोरजीच्या मोरजाई मंदिरातली कावी घ्या. जांभ्या दगडाच्या मातीची तांबडी काव, शिंपल्यांचा चुना, ओला गिलावा असतानाच वरचा तांबडा थर खरवडून खालचा पांढरा उघडा करत काढलेली चित्रं. चुना भाजण्यापासून गिलावा घोटण्यापर्यंत किती हातांचं काम असेल! आम्ही त्या भिंतीसमोर उभे राहतो, फोटो काढतो आणि चढवताना लिहितो काय, तर 'अप्रतिम!!!' आता 'अप्रतिम' या शब्दाने कावी कोण शोधणार? 'मोरजी, पेडणे. मोरजाई मंदिराच्या भिंतीवरचं कावी चित्र', एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो. तेवढाही वेळ नसेल तर त्या कारागिरांच्या कष्टांबद्दल भाषणं तरी करू नयेत.

हे दुखणं एकट्या गोव्याचं नाही. मराठीच्या अगदी दुसऱ्या टोकाला, प्राणहिता नदीच्या अलीकडे तेलंगणात बेज्जूर नावाचं गाव आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ च्या पुनर्रचनेत नव्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. नदीपलीकडे आपला गडचिरोली. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी बोलणारे लोक पिढ्यानपिढ्या राहतात, आपल्यासारखेच, ज्यांच्या राज्याची पहिली भाषा वेगळी आहे असे. या बेज्जूरच्या जंगलात पालारापू नावाच्या कड्यावर २०१३ च्या सुमारास लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आढळली. जनावरांच्या डायक्लोफेनॅक औषधाने देशातली गिधाडं जवळजवळ संपवली, त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, हे लक्षात घेतलं तर या कड्याचं मोल कळेल. आता सिरोंच्याच्या किंवा आसिफाबादच्या एखाद्या मराठी पोराने 'बेज्जूर गिधाडे' असं देवनागरीत टंकलं, तर त्याच्या शब्दांना भेटायला त्या चित्राखाली देवनागरी शब्द नकोत का? इंग्रजीत ओळ लिहिलेलं चित्र इंग्रजीत शोधणाऱ्यालाच आधी भेटणार. त्यात पुन्हा बेज्जूर, बेजूर, बेज्जूरु असे उच्चार. आपल्याकडेही तेच! पोर्तुगीजांनी डिचोलीचं, साखळीचं, पेडण्याचं रोमन लिपीत जे काही केलं ते आजही पाट्यांवर आहे आणि त्याच स्पेलिंगांखाली आमचे फोटो गोळा होतात. डिचोलीला डिचोली म्हणणारी ओळ आपणच लिहिली नाही, तर ती लिस्बनहून येणार आहे का?

काही विद्वान म्हणतात, हा दुकानदारांचा धंदा, सांस्कृतिक लेखकाने त्यात पडू नये. दुकानदार तिथे 'गोवा स्वस्त हॉटेल गोवा उत्तम हॉटेल गोवा' अशी शब्दांची खोगीरभरती करतात हे खरंच, आणि असलं करू नका हे गूगलही सांगतं. पण चित्राखाली खरं नाव लिहिणं याला दुकानदारी म्हणायचं, तर मग ग्रंथपालही दुकानदारच!

दुसरा आक्षेप नवा आहे. आता यंत्रं चित्र स्वतःच ओळखतात, मग लिहायचं कशाला? माटोळीसमोर उभं करून पाहा त्या यंत्राला. फळं टांगली आहेत, एवढं सांगेल. त्यातलं तोरिंजन कुठलं, कवंडळ कुठलं, कांगण्यो कुठल्या, हे सत्तरीतल्या म्हातारीला ठाऊक असतं. तिने सांगितलेलं नाव कुणीतरी लिहिलं तरच यंत्र ते शिकणार. न लिहिलेलं त्याला कुठून कळायचं?

आणि तिसरे ते चोरीला घाबरणारे. हे लोक चित्रावर आडवं स्वतःचं नाव एवढं मोठं छापतात की देवीचं तोंड झाकलं जातं, आणि ऑल्टची जागा मात्र कोरी. म्हणजे छायाचित्रकार कोण ते कळलं, देवी कुठली ते नाही.

एक गोष्ट आकाराची. फोनमधला फोटो चार-पाच मेगाबाइटचा, तो तसाच्या तसा चढवायचा आणि असे वीस! पडद्याला बाराशे ते सोळाशे पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली, दोन-तीनशे किलोबाइटमध्ये काम होतं, वेबपीमध्ये त्याहून कमी. नेटवर्क जेमतेम मिळतं तिथे, मग ते सत्तरी असो की बेज्जूर, ते पान अर्धवट उघडून थांबतं, आणि अशा रखडणाऱ्या पानाला गूगलही मागे टाकू शकतं. फाइलीचं नाव देवनागरीत दिलं तर चालतं, पण दुवा पाठवताना एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात. म्हणून तिथे रोमन घ्यावं आणि ऑल्ट व खालची ओळ मराठीत. इतकंच तंत्र आहे, याला काही संगणक अभियंता लागत नाही.

आता सगळ्यात लाजिरवाणं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीच्या सरकारी वापराला मुभा दिली. तेव्हापासून मराठीला बरोबरीचं स्थान द्या म्हणून सभा होतात, ठराव होतात. मागणीशी मी सहमत आहे. पण त्या सभांची निमंत्रणं जालावर येतात कशी? चित्र म्हणून! यूनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आमचा मजकूर जुन्या फाँटात जुळवला जातो, त्यामागे गणपती, समई, आंब्याचं तोरण, आणि या सगळ्याची एक जेपीजी. महत्त्वाचा मजकूर चित्रात कोंबू नका, असं गूगल स्वतः सांगतं. आम्ही वक्त्यांची नावं, तारीख, वेळ, सभागृह सगळं त्यातच कोंबतो. अंध मराठी वाचकाला त्यातलं अक्षर ऐकू येत नाही, 'मराठी राजभाषा सभा' असं शोधणाऱ्याला ते पान सापडण्याची शक्यता कमी. मग सभेला नेहमीचीच चाळीस डोकी. दुसऱ्या दिवशी त्या सभेचे फोटो येतात. व्यासपीठ, दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, अर्ध्या रिकाम्या खुर्च्या. फाइलीचं नाव 'आयएमजी ४६०३'.