कापूस बंदरावर गेला, आपण कुठे आहोत?

शतकभरापूर्वी किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची रेल्वे टाकली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटले. गाडी टाकली ती मुख्यतः कापसासाठी. आपल्या रुईच्या गाठी मूर्तिजापूरहून मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत जात. कापड तिकडे विणले जाई, नफाही तिकडेच राही.

शकुंतला थांबली, ती रीत पुरती थांबलेली नाही. आजही जिल्ह्यातला बराच कापूस गाठी होऊनच बाहेर पडतो.

मुंबई मोठी झाली ती केवळ बंदरामुळे नाही. तिथे माल बनवणारे आणि तो गावोगाव पोचवणारे उभे राहिले, म्हणून. त्यांत आपल्या समाजातले लोकही होते. 1935 मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी सिप्ला सुरू केली. 2001 मध्ये त्यांचे पुत्र युसूफ हमीद यांनी एचआयव्हीची औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केली. मोहम्मद प्रेमजी यांनी 1945 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना काढला, तोही बंदरापासून दूर, खानदेशातल्या अमळनेरला. त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली. माझ्यासारखे संगणकवाले विप्रोत नोकरीसाठी अर्ज करतात, पण अमळनेर कुणाला आठवत नाही.

आपल्या मोहल्ल्यांत शिलाई आहे, फॅब्रिकेशन आहे, गॅरेज आहे. हुन्नर कमी नाही. पण हिशेब डोक्यात, भागीदारी तोंडी. अब्बा गेले की भावाभावांत वाद आणि दुकानाचे दोन तुकडे. बहिणीचे किंवा बायकोचे नाव कर्जाच्या कागदावर असते, गल्ल्यावर मात्र तिला बसू दिले जात नाही. बँकेत भेदभाव होतो, तिथे बोललेच पाहिजे. पण वही आपण लिहीत नाही, हा दोष बँकेचा नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, अल-बकरामधली 282वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. ती आपण तिलावतीत वाचतो, धंद्यात विसरतो.

म्हणून यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणीतल्या मित्रमैत्रिणींनो, सुरुवात लहान करा. उद्यम नोंदणी करा, भागीदारी कागदावर आणा, बहिणीला खरी भागीदार करा. नोकरी वाईट नाही, मीही करतो. पण चार जणांना काम देणारा एक कारखाना आपल्या गावात उभा राहिला, तर पुण्या-मुंबईची गाडी पकडणारे चार जण घरी राहतील.