इलेक्ट्रिक पिकअप: स्टेजवरची आणि शोरूममधली, नरखेडच्या संत्र्याच्या हिशेबाने

महिंद्राच्या व्हिजन एसएक्सटीची रील तुमच्याही फीडमध्ये आलीच असेल. १५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत कंपनीने चार कॉन्सेप्ट गाड्या दाखवल्या: व्हिजन एस, व्हिजन टी, व्हिजन एक्स आणि व्हिजन एसएक्सटी. यातली एसएक्सटी म्हणजे पिकअप. चौकोनी तोंड, दणकट टायर, मागे छोटा हौदा. रीलखाली कमेंट ठरलेली, "भाऊ, हीच घ्यायची, बोलेरो विकून टाक."

आता त्या हौद्यात नीट बघा. तिथे दोन स्टेपन्या उभ्या लावल्यात. दिसायला जबरदस्त, पण नरखेड तालुक्यातला कुणीही पहिला प्रश्न हाच विचारेल: मग कॅरेट ठेवायचे कुठे?

प्रश्न गमतीचा वाटला तरी तिथेच खरी गोष्ट आहे. नरखेड, काटोल, वरुड हा संत्र्याचा पट्टा. इथे पिकअप म्हणजे घरातलं कमावणारं माणूस. आंबिया बहार असो की मृग, तोडणी सुरू झाली की बगीच्यातून पांदण रस्त्याने डांबरीवर, तिथून काटोलला नाहीतर थेट नागपूरच्या कळमना मार्केटला. गाडी कर्जावर असते आणि हप्ता संत्र्याच्या भावाची वाट बघत नाही. त्यामुळे कॉन्सेप्टमधली गाडी आणि शोरूमला येणारी गाडी यात किती फरक पडतो, हा इथे हौशी चर्चेचा विषय राहत नाही.

आकार टिकतो, आकडे गळतात

आपल्याला वाटतं की कॉन्सेप्ट खूप भारी दिसते आणि प्रत्यक्षात साधी गाडी येते. कारच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरं असतं. इलेक्ट्रिक पिकअपचा अनुभव मात्र वेगळा आहे.

टेस्लाचा सायबरट्रक घ्या. २१ नोव्हेंबर २०१९ ला तो पहिल्यांदा दाखवला. काच फुटत नाही हे दाखवायला स्टीलचा गोळा मारला आणि काच तडकली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. त्याचा घडी घातलेल्या पत्र्यासारखा आकार बघून लोक म्हणाले, हे कधी रस्त्यावर येणार नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला डिलिव्हरी सुरू झाली आणि आकार जवळपास तसाच होता! कॉन्सेप्टला नसलेले साइड मिरर आले, एक भलामोठा वायपर आला, हौदा साडेसहा फुटांवरून सहा फुटांवर आला. बाकी दिसायला तोच.

आता आकडे बघू. २०१९ मध्ये तीन मोटरवाल्या मॉडेलसाठी सांगितलं होतं: किंमत ६९,९०० डॉलर, रेंज ५०० मैलांच्या वर, म्हणजे ८०० किलोमीटर. २०२३ मध्ये तीन मोटरवाल्याची किंमत झाली ९९,९९० डॉलर आणि रेंज ३२० मैल, म्हणजे साधारण ५१५ किलोमीटर. दोन मोटरवाल्याची रेंज सांगितलेल्या ३०० मैलांपेक्षा जास्त, ३४० मैल निघाली, हे टेस्लाच्या बाजूने सांगायला हवं. पण त्याचीही किंमत ४९,९०० वरून ७९,९९० डॉलरवर गेली. वजन वाहायची क्षमता कमाल ३,५०० पाउंड सांगितली होती, ती २,५०० झाली.

आपल्या भाषेत बोलू. फळ आणि कॅरेट मिळून २२ किलो धरले, तर आधी ७२ कॅरेट बसणार होते, आले ५१.

कमी झालेली रेंज भरून काढायला टेस्लाने जादा बॅटरीचा एक पर्याय जाहीर केला. ती बॅटरी ठेवायची कुठे? हौद्यात, साधारण एक तृतीयांश जागा अडवून. म्हणजे किलोमीटर हवेत तर माल कमी भरा. २०२५ मध्ये तो पर्यायही रद्द झाला.

रिव्हियनच्या आर१टीची गोष्ट अजून बोलकी आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये दाखवलेली आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये कारखान्यातून निघालेली गाडी शेजारी ठेवली तर फरक शोधावा लागेल. पण दाखवताना ४०० मैलांहून जास्त रेंजची मोठी बॅटरी सांगितली होती, सुरुवातीला मिळाली ती ३१४ मैलांची. चारशेच्या वरचं मॉडेल यायला २०२३ उजाडलं.

असं का होतं? आकार हा डिझायनरच्या हातात असतो. साचे महाग असतात, पण कंपनीने ठरवलं तर आकार टिकवता येतो. वजनाचं तसं नाही. प्रत्येक मालवाहू गाडीला भरलेल्या अवस्थेतल्या एकूण वजनाची एक मर्यादा असते, ती आरसीवर लिहिलेली असते. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो तुमचा माल. बॅटरी वाढवली की रिकामी गाडी जड होते आणि माल कमी होतो. बॅटरी कमी केली की रेंज जाते. दोन्ही टिकवायचं तर चासी, ब्रेक, पाटे सगळं मजबूत करावं लागतं आणि किंमत वाढते. कॉन्सेप्टला आरसी नसतं, त्यामुळे स्टेजवर हा हिशेब कुणी मागत नाही.

महिंद्राचं काय?

महिंद्राचा रेकॉर्ड आकाराच्या बाबतीत चांगला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये दाखवलेली बीई.०५ ही कॉन्सेप्ट नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ म्हणून आली, तेव्हा बरंचसं रूप तसंच होतं. नावाचीच काय ती गडबड झाली. आधी '६ई' ठेवलं, इंडिगोने हरकत घेतली, मग नुसतं ६. त्यामुळे एसएक्सटीचं तोंड २०२७ नंतर तसंच दिसलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पण दोन गोष्टी रील्समध्ये कुणी सांगत नाही. पहिली, एसएक्सटी ज्या एनयू-आयक्यू प्लॅटफॉर्मवर आहे तो फक्त इलेक्ट्रिक नाही. त्यावर पेट्रोल-डिझेल इंजिन, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक असं सगळं बसू शकतं. म्हणजे 'महिंद्राची इलेक्ट्रिक पिकअप' हे थंबनेलवाल्यांनी स्वतःच ठरवलंय. याआधी २०२३ मध्ये केपटाउनला थार.ई दाखवली, ती इलेक्ट्रिक होती. त्याच दिवशी स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली ग्लोबल पिकअप दाखवली, तिच्यात डिझेल इंजिन होतं. या सगळ्यांचे फोटो एकत्र करून व्हिडिओ बनतात.

दुसरी, हा प्लॅटफॉर्म मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी आणि चासी एकच. कारसाठी उत्तम. पण बोलेरो पिकअप वेगळ्या शिडीसारख्या चासीवर उभी आहे, म्हणून बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये २ टनांपर्यंत माल जातो. एसएक्सटी ही फिरायला जायची, मागे सायकल-तंबू टाकायची गाडी वाटते. ते वाईट नाही. फक्त ती बोलेरोची वारस नाही.

मग इलेक्ट्रिकमध्ये आज काय?

ज्या गाड्यांचं पोस्टर कुणी भिंतीवर लावणार नाही, त्याच शोरूममध्ये आहेत. टाटाचा एस ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक छोटा हत्ती, मे २०२२ मध्ये आला तेव्हा ६०० किलो माल आणि १५४ किलोमीटर रेंज होती. २०२४ मध्ये एस ईव्ही १००० आला: १ टन, १६१ किलोमीटर. जून २०२५ मध्ये एस प्रो ईव्ही साडेसहा लाखांना आला: ७५० किलो, १५५ किलोमीटर, बॅटरी १४.४ युनिटची. महिंद्राचा झिओ आहे, तोही याच वर्गातला.

आता नरखेडचा नकाशा काढा. नागपूर साधारण ८५ किलोमीटर. कळमना शहराच्या पलीकडे, पूर्वेला. जाऊन-येऊन १७० च्या वर. कंपनीची रेंज १६१, तीही ठरलेल्या चाचणीतली; पूर्ण माल, हायवेचा वेग आणि उन्हाळा धरला तर त्याहून कमीच. म्हणजे एका चार्जमध्ये कळमना करून घरी परत येणं जमत नाही, हे कागदावरच दिसतं. मार्केटमध्ये लिलाव होईपर्यंत गाडी चार्जला लागत असेल तर जमेल, म्हणून गाडीआधी तिथला आणि काटोल रोडवरचा चार्जर शोधा. ॲपवर हिरवा ठिपका दिसला म्हणजे चार्जर चालू आहे असं नाही. आणि तिथे कारची फास्ट चार्जिंगची गन असेल, तर ती तुमच्या गाडीला लागते का, हेही विचारा.

मालाचं बघा. १ टन म्हणजे ४५ कॅरेट, ७५० किलो म्हणजे ३४. बोलेरोवाला एका फेरीत ९० नेतो. नागपूरसाठी हे गणित बसत नाही, दोन फेऱ्यांत दिवस आणि बॅटरी दोन्ही संपतं.

काटोलसाठी मात्र बसतं. २५ किलोमीटर जायचे, २५ यायचे, अशा दोन फेऱ्या झाल्या तरी १००. रात्री घरी १५ अँपियरच्या सॉकेटवर लावली तर १४.४ युनिटची बॅटरी पाच-सहा तासांत भरते. बगीच्यातून पॅकिंगला माल नेणं, तालुक्याच्या गावांत किराणा-सिलिंडर पोचवणं, यासाठी इलेक्ट्रिक छोटा हत्ती आजही डिझेलपेक्षा स्वस्त चालेल असं माझं मत आहे. वायरिंग आणि अर्थिंग मात्र आधी तपासून घ्या, आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावायचा जुगाड करू नका.

घरात जुनी डिझेल पिकअप असेल आणि वडील नवीन घ्यायचं म्हणत असतील, तर एसएक्सटीसाठी दोन सीझन थांबा असं मी सांगणार नाही. मोबाइलमध्ये कॉन्सेप्टचा फोटो जरूर ठेवा, पण डीलरकडे जाल तेव्हा रिकामी टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका. ४५ कॅरेट भरून द्या म्हणावं, सोबत एक फेरी पांदण रस्त्याने आणि एक काटोलपर्यंत. परत आल्यावर बॅटरी किती टक्के उरली याचा फोटो काढा आणि मग हप्त्याचं बोला.