हे हाड कोणाचे?

गेल्या महिन्यात आमच्या दारव्ह्याच्या ओपीडीत जवळच्या खेड्यातले एक शेतकरी आले होते. वय पासष्टच्या पुढे. काही वर्षांपूर्वी खुब्याचा सांधा बदललेला. आता तो सैल झाला होता आणि भोवतीचे हाड झिजून पोकळी पडली होती. नागपूरच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी पुन्हा शस्त्रक्रिया सुचवली होती. त्याआधी साखर आणि रक्तदाब ताब्यात आहेत ना, हे बघायला ते माझ्याकडे आले. मुलाने खर्चाचा कागद पुढे केला. सांधा, भूल, खोली यांच्या खाली एक ओळ होती : बोन ग्राफ्ट. मुलाने मला विचारले, ते काय असते? मी म्हणालो, पोकळी भरायला लागणारे हाड. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले बाबा म्हणाले, ‘‘डाक्टरसाहेब, हे हाड कोनाचं व्हय? मानसाचं का जनावराचं?’’

कागदावर त्याचे उत्तर नव्हते, म्हणून मलाही ते देता आले नाही. पण प्रश्न अगदी योग्य होता. रक्ताची बाटली लावताना आपण गट विचारतो, कोणत्या रक्तपेढीतून आणली ते विचारतो. शरीरात कायमचे बसवायच्या हाडाबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही. म्हणून आज त्याविषयी.

हाड भरण्याची गरज आता नवलाची राहिलेली नाही. मोटारसायकलच्या अपघातात नडगीच्या हाडाचा तुकडाच निघून जातो. हाडातली गाठ काढल्यावर खड्डा राहतो. क्षयाने किंवा झिजेने खराब झालेले मणके एकमेकांना जोडायचे असतात. पहिला कृत्रिम सांधा सैल झाल्यावर दुसरा बसवायला भक्कम आधार लागतो. अशा वेळी सर्वात चांगले हाड रुग्णाचे स्वतःचेच. ते बहुधा कमरेच्या हाडातून काढतात. त्यात जिवंत पेशी असतात, ते परके नसते, विकतही घ्यावे लागत नाही. पण त्यासाठी आणखी एक जखम करावी लागते आणि तिचे दुखणे काही जणांना बरेच दिवस पुरते. शिवाय कमरेतून निघून निघून किती निघणार? लहान मूल असेल किंवा खड्डा मोठा असेल, तर ते पुरत नाही.

मग बाहेरून आणावे लागते. त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, दुसऱ्या माणसाने दान केलेले आणि प्रक्रिया केलेले हाड. दुसरा, जनावराचे, मुख्यतः गायी-बैलांच्या हाडापासून केलेले दाणे. दातांच्या दवाखान्यात जबड्याचे हाड भरायला यांचा वापर बराच होतो. तिसरा, कारखान्यात तयार केलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे कृत्रिम दाणे. छोटी पोकळी असेल तर हे कृत्रिम दाणे पुष्कळदा पुरतात. मोठ्या खड्ड्यात, जिथे वजन पेलायचे आहे तिथे, माणसाच्या हाडाची बरोबरी करणे कठीण जाते.

दुसऱ्याचे हाड आपल्यात रुजते तरी कसे? मूत्रपिंडासारखे गट जुळवावे लागत नाहीत का? आयुष्यभर औषधे नकोत का? नकोत. कारण प्रक्रिया केलेल्या हाडातली रक्त, चरबी आणि पेशी धुऊन काढलेली असतात. उरतो तो फक्त सांगाडा. कारल्याच्या वेलाला आपण मांडव करून देतो, तसा हा मांडव असतो. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि रक्तवाहिन्या वेलासारख्या त्यावर चढतात. पुढे महिनोन्‌महिने जुने हाड थोडे थोडे विरघळत जाते आणि त्याच्या जागी रुग्णाचे स्वतःचे नवे हाड तयार होते. मोठा तुकडा असेल तर याला वर्षे लागतात. ही कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या विल्यम मॅक्यूअन या शल्यचिकित्सकाने १८८० च्या सुमारास एका मुलाच्या दंडाचे हाड दुसऱ्या रुग्णांच्या हाडांचे तुकडे लावून उभे केले होते.

मांडव मेलेला असला तरी चालतो, हे लक्षात ठेवा. पुढची गोष्ट त्यावरच आहे.

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत ‘जिवंत पेशी असलेले’ दान केलेले हाड बाजारात आले. जिवंत पेशी असल्या तर हाड लवकर भरेल, असा त्यामागचा विचार. २०२१ मध्ये अशा एका उत्पादनाच्या एकाच खेपेतले हाड ११३ रुग्णांना, बहुतेकांना मणक्यात, बसवले गेले. ती सगळी खेप एकाच मृत दात्याच्या हाडापासून बनवलेली होती आणि त्या हाडात क्षयाचे जंतू होते. ११३ पैकी ८७ जणांना क्षय झाला. आठ जण शस्त्रक्रियेनंतर शंभर दिवसांच्या आत दगावले. त्यातल्या तिघांचा मृत्यू क्षयामुळेच झाल्याचे तज्ज्ञांनी ठरवले. उत्पादन परत मागवले गेले. तरी २०२३ मध्ये तशाच प्रकारच्या हाडातून दुसरा उद्रेक झाला. ३६ रुग्णांना ते हाड लागले होते. त्यातले दोघे क्षयाने गेले.

चूक कुठे झाली? हाडातल्या पेशी जिवंत ठेवायच्या तर त्याला कडक निर्जंतुकीकरण देता येत नाही. जे पेशींना वाचवते, ते जंतूंनाही वाचवते. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो, प्रयोगशाळेत दिसायला त्याला आठवडे लागतात. नेहमीच्या जंतुतपासणीतून तो सहज निसटतो. अमेरिकेत क्षय विरळ, तरी हे घडले. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतातला आहे. मणक्याचा क्षय आम्हा सरकारी डॉक्टरांना पुस्तकात शोधावा लागत नाही. म्हणून ‘जिवंत पेशींचे हाड’ ही जाहिरात आपल्याकडे कोणी केली, तर तिला भुलण्याआधी या दोन घटना आठवाव्यात.

सुरक्षित वाट आपल्याकडे आहे आणि ती महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी चालते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने ती सुरू झाली. डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी अनेक वर्षे तिची धुरा वाहिली. बाळंतपणातल्या वारेच्या पातळ पापुद्र्यापासून भाजलेल्या जखमांवर लावायची पट्टी आणि दान केलेल्या हाडापासून भरणाचे तुकडे तिथे तयार होतात. दात्याचा आजाराचा इतिहास पाहतात. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग यांच्या तपासण्या होतात. मग हाड धुऊन, गोठवून, त्यातले पाणी काढून ते कोरडे करतात आणि पाकीट बंद करून त्यावर गॅमा किरणांचा मारा होतो. त्यासाठी ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचे आयसोमेड हे संयंत्र १९७४ पासून आहे.

किरण म्हटले की लोक दचकतात. पण लासलगावला कांद्याला कोंब फुटू नये म्हणून जे गॅमा किरण वापरतात, तेच हे. मात्रा तेवढी शेकडो पट जास्त. कांदा किरणोत्सारी होत नाही, तसे हाडही होत नाही. साधारण २५ किलोग्रे या मात्रेपुढे क्षयाचा जंतू टिकत नाही. सगळ्या विषाणूंची हमी मात्र एकट्या किरणांवर सोडता येत नाही, म्हणून दात्याची तपासणी हवीच. आणखी एक उणीव प्रामाणिकपणे सांगायला हवी : किरणांनी हाडाची ताकद थोडी कमी होते. म्हणून वजन पेलायच्या जागी त्याला प्लेट किंवा स्क्रूचा आधार देतात.

आमच्यासारख्या भागाला या कोरड्या हाडाचा एक मोठा फायदा आहे. ते पाकिटात, साध्या तापमानाला, वर्षानुवर्षे टिकते. नुसते गोठवलेले हाड उणे सत्तर-ऐंशी अंशांत ठेवावे लागते. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या तालुक्यात तशा फ्रीजवर कोण भरवसा ठेवणार? कोरडे पाकीट मात्र यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कपाटातही राहू शकते.

मग अडते कुठे? अडते ते दानाशी. खुब्याचा सांधा बदलताना किंवा मोडलेल्या खुब्यात अर्धा सांधा बसवताना मांडीच्या हाडाचा लिंबाएवढा-चेंडूएवढा गोल माथा काढून टाकावा लागतो. रुग्णाला त्याचा काहीही उपयोग नसतो. नियमाप्रमाणे तो जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो आणि भट्टीत जळतो. एकीकडे हे जळत असते, दुसरीकडे त्याच रुग्णालयातला दुसरा रुग्ण विकतच्या हाडासाठी उसनवारी करत असतो. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला एवढेच विचारायचे : तुमचे निघणारे हाड दुसऱ्याला दिले तर चालेल का? होकार असेल तर रक्ताच्या तपासण्या करायच्या, हाड गोठवून ठेवायचे, सहा महिन्यांनी त्याच दात्याचे रक्त पुन्हा तपासायचे आणि मगच ते वापरायचे. पहिल्या तपासणीत न दिसलेला संसर्ग दुसऱ्या तपासणीत सापडतो. दाता जिवंत असल्याचा हा फायदा.

मृत्यूनंतरही हाड देता येते. त्यासाठी मेंदूमृत्यू लागत नाही. हृदय थांबल्यावर काही तासांत नेत्रदानासारखेच हे दान होते. नातेवाइकांना देह विद्रूप होण्याची भीती वाटते. पण काढलेल्या हाडाच्या जागी दांडा बसवून, टाके घालून अवयवाचा आकार पूर्ववत करतात. अंत्यदर्शनाला काही उणे राहत नाही.

कायदाही आहे. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या ठरावांवरून संसदेने १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. २०११ च्या दुरुस्तीने हाड, त्वचा यांसारख्या ऊतीही त्यात आल्या आणि ऊतीपेढ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. हाड विकणे गुन्हा आहे. काढणे, प्रक्रिया आणि वाहतूक यांचा खर्च तेवढा घेता येतो. म्हणजे चौकट तयार आहे. विदर्भातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने स्वतःची किरण-यंत्रणा उभारायची गरज नाही. सांधे बदलणाऱ्या रुग्णालयांनी संमती घेऊन हाड जमा करावे, प्रक्रिया एका मध्यवर्ती ठिकाणी व्हावी आणि तयार पाकिटे जिल्ह्यांना परत यावीत. रक्ताच्या बाबतीत ही शिस्त आपण शिकलो आहोत. हाडाला तर रक्तासारखी महिन्याभरात वाया जाण्याची घाईही नाही. सरकारी योजनांनी या पाकिटांचा खर्च उचलला, तर महागड्या पर्यायांकडे धावण्याचे कारण उरणार नाही.

तोवर रुग्णांनी आणि नातेवाइकांनी सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. माझे स्वतःचे हाड पुरेल का? नाहीतर बाहेरचे कोणते : माणसाचे, जनावराचे की कृत्रिम? ते नोंदणीकृत पेढीतून आले आहे का आणि निर्जंतुक कसे केले आहे? पाकिटावरचा क्रमांक माझ्या कागदपत्रात चिकटवाल का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण अमेरिकेत खेप परत मागवली तेव्हा कोणते हाड कोणाच्या शरीरात आहे, हे अशाच क्रमांकावरून शोधावे लागले. आणि श्रद्धेमुळे कोणाला अमुक जनावराचे हाड नको असेल, तर ते आधी सांगण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही आणि डॉक्टरांनी रागावण्यासारखेही नाही.

त्या बाबांनी नागपूरला जाऊन आपला प्रश्न विचारला. उत्तर मिळाले : माणसाचे, पेढीतले, किरणांनी निर्जंतुक केलेले. मग त्यांनी अंगठा न लावता, सावकाश का होईना, सही केली. परवा साखर तपासायला आले तेव्हा मला म्हणाले, ‘‘कोनाचं तरी व्हय, पन देल्लं त्यानं. माहा काही कामाचं निघालं तं मीबी देईन.’’ ही तयारी लोकांमध्ये आहे. त्यांना विचारणारी व्यवस्था तेवढी उभी राहायला हवी.